पोलिसांनी डीएनए नमुना मागितल्यास काय विचारावे, काय लिहून घ्यावे आणि कोणते कागद जपावेत

डीएनए नमुना देण्याची वेळ फक्त आरोपीवर येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडिता, खून झालेल्या इमारतीतील शेजारी, बेपत्ता मुलाचे आईवडील आणि मोर्चातून पोलीस व्हॅनमध्ये बसवलेला कार्यकर्ता, या सर्वांसमोर हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात उभा राहू शकतो, आणि प्रत्येकाचे हक्कही वेगळे आहेत. गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवायला काही सेकंद पुरतात. तिच्यातून तयार होणारी नोंद मात्र कायद्याप्रमाणे ७५ वर्षे राहू शकते. त्यामुळे पुढे सर्वाधिक भर कागदपत्रांवर दिला आहे, कारण वर्षभराने किंवा दहा वर्षांनी आपली बाजू मांडायची झाल्यास हाताशी तेवढेच असते. हा मजकूर सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच.

सध्या कोणता कायदा लागू आहे

डीएनए बँकेसाठी स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचे नियमन करणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले. त्या विधेयकावर नागरी हक्कांच्या बाजूने बरीच टीका झाली होती आणि ती रास्तच होती. पण प्रयोगशाळांना मान्यता देणारे नियामक मंडळ आणि बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी संशयितांच्या नोंदींपासून वेगळ्या ठेवणाऱ्या सूची, या त्यातील दोन उपयोगी गोष्टीही त्याबरोबर गेल्या. दरम्यान, नमुने जमा करण्याचा अधिकार दुसऱ्याच दाराने कायद्यात आला होता.

ते दार म्हणजे फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२. कैद्यांच्या ओळखीबाबतचा १९२० चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द करून हा अधिनियम ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात मुख्यतः बोटांचे व पायांचे ठसे आणि छायाचित्रे होती. नव्या कायद्यातील ‘मोजमापे’ या व्याख्येत तळहाताचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन, स्वाक्षरी व हस्ताक्षर आणि ‘जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण’ यांचा समावेश आहे. डीएनए हा शब्द व्याख्येत ठळकपणे नसला तरी जैविक नमुन्याच्या विश्लेषणात तो येतोच. या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, साठवतो, इतर गुन्हेविषयक नोंदींशी पडताळतो आणि कायदा राबवणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला देऊ शकतो.

दुसरा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा आहे, जी १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. तिच्या कलम ५१ खाली पोलिसांच्या विनंतीवरून अटकेतील व्यक्तीची वैद्यकीय तपासणी होते आणि त्या तपासणीत रक्त, लाळ, केस, नखांची कात्रणे व डीएनए चाचणी येते. कलम ५२ बलात्काराच्या आरोपीसाठी आहे. पूर्वी या तपासणीची मागणी किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत असे. आता ‘कोणताही पोलीस अधिकारी’ ती करू शकतो. बदल एका ओळीचा असला तरी ठाण्यातील व्यवहारात त्याने फरक पडतो.

पहिला प्रश्न: कोणत्या कलमाखाली?

नमुन्याचा विषय निघताच तपास अधिकाऱ्याला शांतपणे विचारावे की हा नमुना ओळख अधिनियमाखाली घेतला जात आहे की संहितेच्या कलम ५१ किंवा ५२ खाली. हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, परंतु पुढचे सगळे त्याच्या उत्तरावर ठरते.

ओळख अधिनियमाच्या कलम ३ मध्ये एक महत्त्वाचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, आहे. ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली तो स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि त्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा नसेल, तर अटकेतील व्यक्ती जैविक नमुना देण्यास बांधील नाही. साधी मारामारी, शिवीगाळ, किरकोळ चोरी, वाहन अपघात अशा बऱ्याच गुन्ह्यांत हे परंतुक उपयोगी पडते. अडचण अशी की ठाण्यात बोटांचे ठसे, छायाचित्र आणि लाळेचा नमुना हे सगळे ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून एकाच दमात उरकले जाऊ शकते आणि आपणही मुकाट्याने तोंड उघडतो. ठसे व छायाचित्र यांना हे परंतुक लागू नाही, त्यामुळे ते नाकारू नयेत. जैविक नमुन्यापुरतेच, कलमाचा उल्लेख करून, ‘परंतुकानुसार माझी संमती नाही’ असे लिहून द्यावे आणि त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी नकाराची नोंद कोठेही राहत नाही.

कलम ५१ खालील तपासणीला हे परंतुक नाही, पण तिला दुसरी अट आहे: त्या विशिष्ट गुन्ह्याचा पुरावा शरीराच्या तपासणीतून मिळेल असे मानण्यास वाजवी कारण असले पाहिजे, आणि तपासणी नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीनेच केली पाहिजे. घरफोडीत फुटलेल्या काचेवर रक्त सापडले असेल तर कारण उघड आहे. बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात रक्त कशासाठी हवे, हे मात्र विचारता येते आणि विचारावे. महिलेची तपासणी महिला डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली झाली पाहिजे.

ज्या ठिकाणी कायद्याने नमुना देणे बंधनकारक आहे तेथे अंगाने विरोध करू नये. कलम ५१ खाली वाजवी बळाचा वापर करता येतो, आणि ओळख अधिनियमाखालील नकार किंवा अडथळा हा लोकसेवकाच्या कामात अडथळा आणण्याचा गुन्हा ठरतो, ज्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा वेळी लेखी हरकत नोंदवून नमुना द्यावा आणि वाद दंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडच्या वेळी मांडावा.

येथे युक्तिवादाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही, म्हणून रक्तही देणार नाही, असे पुष्कळ जण ठामपणे म्हणतात. तत्कालीन मुंबई राज्यातून गेलेल्या काथी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्येच ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे असे ठरवले, आणि २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को व पॉलिग्राफ चाचण्यांना संमतीची अट घालतानाही शारीरिक नमुने वेगळे ठेवले. त्यामुळे या मुद्द्यावर वेळ घालवू नये. खरा आधार अनुच्छेद २१ चा आहे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यावरील बंधनाला कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लावल्या. ‘या गुन्ह्यासाठी हा नमुना खरोखर लागतो का आणि तो इतकी वर्षे कशासाठी ठेवायचा’ हा प्रश्न त्या तिसऱ्या कसोटीवर उभा राहतो.

मोर्चे, बंदोबस्त आणि चॅप्टर केस

नागपुरात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की राज्यभरातून मोर्चे येतात, जमावबंदीचे आदेश निघतात आणि अनेकांना ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडले जाते. ओळख अधिनियमाखालील २०२२ च्या नियमांनुसार केवळ जमावबंदीचा आदेश (जुने कलम १४४) मोडल्याबद्दल किंवा प्रतिबंधात्मक अटक (जुने कलम १५१) झाल्याबद्दल मोजमापे घेता येत नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात अटक किंवा आरोप असेल तरच ती घेता येतात. नव्या संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम १६३ आणि १७० मध्ये आहेत. सणांच्या आधी होणाऱ्या चॅप्टर केसमध्येही, म्हणजे शांतता राखण्याचे जामीनपत्र मागणाऱ्या प्रतिबंधात्मक कारवाईतही, नुसती नोटीस पुरेशी नाही. जामीनपत्र देण्याचा प्रत्यक्ष आदेश झाल्यानंतरच अधिनियम लागू होतो. मोर्चाच्या आयोजकांनी सोबतच्या वकिलाकडे या नियमांची छापील प्रत देऊन ठेवावी. ठाण्यातील रात्रपाळीच्या अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा नियम दाखवणे सोपे जाते.

नमुना प्रत्यक्ष घेताना काय पाहावे

नागपुरात अटकेतील व्यक्तीला बहुधा मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात नेले जाते. तेथे गर्दी असते, सोबतच्या पोलिसाला परतण्याची घाई असते आणि डॉक्टरांना पुढचा रुग्ण दिसत असतो. अशा वातावरणातही पुढील गोष्टी नीट पाहता येतात, आणि त्या पाहण्याने आपला तसेच तपासाचाही फायदा होतो.

रक्त घेतल्यास ते सहसा ईडीटीए असलेल्या, जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात, कारण त्यात रक्त गोठत नाही. नळीवरील चिठ्ठीत आपले नाव, गुन्हा क्रमांक, तारीख व वेळ लिहिली गेली का, आणि ती आपल्यासमोर लिहिली गेली का, हे पाहावे. आधीच चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या नळ्या टेबलावर मांडलेल्या असतील तर आपली नळी कोणती हे विचारून घ्यावे. नमुन्यासोबत ओळखपत्रक भरले जाते. त्यावर आपले छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, डॉक्टरांची सही व साक्षीदारांच्या सह्या असतात. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पत्रकावर अंगठा देऊ नये. पाकिटाला लाखेचे सील आपल्यासमोर लागले का, आणि सीलच्या ठशाचा नमुना कागदावर घेतला का, तेही पाहावे. लाळेसाठी काडी वापरली गेल्यास ती बंद पाकिटातून आपल्यासमोर काढली गेली पाहिजे आणि डॉक्टरांच्या हातात नवे मोजे असले पाहिजेत.

ही चिकित्सा अतिरेकी वाटत असेल तर जर्मनीतील हायलब्रॉनचा प्रकार लक्षात घ्यावा. तेथे २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला आणि घटनास्थळी मिळालेला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे चाळीस गुन्ह्यांतील डीएनएशी जुळला. पोलीस काही वर्षे एका अज्ञात सराईत स्त्रीचा शोध घेत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला की तो डीएनए नमुने घेण्याच्या काड्या तयार करणाऱ्या कारखान्यातील एका कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका निरपराध माणसाचा डीएनए खून झालेल्या व्यक्तीच्या नखांत सापडला आणि तो काही महिने तुरुंगात राहिला. खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. त्याला हाताळणारेच आरोग्य कर्मचारी त्या रात्री नंतर घटनास्थळी गेले होते.

घरी परतल्यावर किंवा वकिलाची भेट झाल्यावर त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवावे: किती वाजता नेले, कोणत्या रुग्णालयात नेले, सोबतच्या पोलिसाचा बिल्ला क्रमांक, डॉक्टरांचे नाव, काय घेतले, किती नळ्या भरल्या, कोणाच्या सह्या झाल्या. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीला द्यावी, अशी संहितेच्या कलम ५३ मध्ये तरतूद आहे. ती मागून घ्यावी. नमुना घेताना मारहाण किंवा अवाजवी जबरदस्ती झाली असेल तर डॉक्टरांना तेथेच सांगावे, म्हणजे जखमांची नोंद अहवालात येईल.

वकील

चौकशीच्या वेळी आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. वकील परवडत नसल्यास सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. कोठडीतील व्यक्ती, महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. तेथे गोपनीयतेचे नियम अधिक कडक आहेत आणि अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करण्याचा आदेश देणे मंडळाला, काही गंभीर प्रकरणांचा अपवाद वगळता, बंधनकारक आहे. पालकांनी वकिलाला या तरतुदीची आठवण पहिल्याच तारखेला करून द्यावी.

अटक झालेली नसताना नमुना मागितल्यास

शेजारी, सहकारी, घरातील इतर माणसे यांना पोलीस कधी कधी ‘तुमचे नाव बाजूला काढता यावे म्हणून’ नमुना द्या असे म्हणतात. अटक नसलेल्या व्यक्तीवर ओळख अधिनियमाच्या कलम ५ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय सक्ती करता येत नाही. त्यामुळे आदेश आहे का, एवढेच विचारावे. आदेश असेल तर त्याची प्रत घ्यावी आणि पालन करावे; नसेल तर निर्णय आपला आहे.

नमुना देऊ नये, असे माझे सांगणे नाही. इंग्लंडमधील लेस्टरशायरमध्ये १९८६-८७ मध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात अॅलेक जेफ्रीस यांच्या डीएनए चाचणीने सर्वप्रथम काय केले असेल, तर कबुली देऊन बसलेल्या एका निर्दोष तरुणाला सोडवले. त्यानंतर परिसरातील सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेण्यात आले. म्हणजे ऐच्छिक नमुन्याने निरपराध्याचे भले होऊ शकते. पण संमती द्यायची तर ती मर्यादित द्यावी. संमतीपत्रावर स्वतःच्या हाताने लिहावे: ‘हा नमुना केवळ गुन्हा क्रमांक अमुक याच्या तपासात तुलनेसाठी देत आहे. तुलना झाल्यावर नमुना व त्याचे विश्लेषण नष्ट करावे. अन्य प्रकरणात वापरण्यास किंवा कोणत्याही डेटाबेसमध्ये ठेवण्यास माझी संमती नाही.’ या मजकुराची छायाप्रत घेतल्याशिवाय उठू नये.

अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडितेची वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच, आणि ती संमती देऊ शकत नसेल तर तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम व्यक्तीच्या संमतीने होते. तक्रारीची माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत तिला तपासणीसाठी पाठवले पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८४ सांगते. तपासणीच्या काही भागास संमती देऊन काही भाग नाकारता येतो. तिचा नमुना तुलनेसाठी असतो, त्यामुळे वरील मर्यादेचा मजकूर तिच्या संमतीपत्रावरही लिहावा.

बेपत्ता किंवा अनोळखी मृत व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी नातेवाईक स्वतःहून पुढे येतात आणि यावेच; जून २०२५ मधील अहमदाबादच्या विमान अपघातानंतर कितीतरी मृतदेह केवळ अशाच नमुन्यांमुळे योग्य घरी पोहोचले. मात्र डीएनए एकट्याचा नसतो. आपल्या नमुन्यावरून भाऊ, मुलगा, चुलतभाऊ यांच्यापर्यंत पोहोचता येते. अमेरिकेत २०१८ मध्ये जुन्या खुनांचा आरोपी दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरूनच सापडला. ज्या विधेयकात बेपत्तांची सूची वेगळी ठेवण्याची सोय होती ते आता नाही, म्हणून शोकाच्या प्रसंगीही संमती मर्यादित ठेवणारी ती एक ओळ लिहिण्याचे भान घरातील एखाद्याने ठेवावे. पितृत्वाचे दिवाणी वाद हा निराळा विषय आहे. तेथे न्यायालये डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देत नाहीत, एवढे नोंदवून पुढे जातो.

सीए रिपोर्ट कसा वाचावा

नागपुरातील नमुने सामान्यतः धंतोलीतील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तेथून येणाऱ्या अहवालाला न्यायालयात सगळे जण ‘सीए रिपोर्ट’ (सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक) म्हणतात. दोषारोपपत्राबरोबर त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. रिपोर्ट नंतर आला तर तीही मागून घ्यावी.

रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतील ‘जुळतो’ या शब्दावर थांबू नये. आधी तारखा पाहाव्यात: नमुना कधी घेतला, मालखान्यात, म्हणजे पोलिसांच्या मुद्देमालाच्या कोठारात, किती दिवस राहिला, कोणत्या अंमलदाराने नेला, प्रयोगशाळेने कधी व कोणत्या स्थितीत स्वीकारला. दिल्लीतील एका खून-बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा नमुने काही दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते आणि तज्ज्ञाने तंत्र विश्वासार्हपणे वापरले की नाही हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते, या दोन बाबींवर बोट ठेवले होते. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील कट्टवेल्लई प्रकरणात त्याच न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या: पाकिटावर गुन्ह्याचा तपशील व संबंधितांच्या सह्या असाव्यात, नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा, उशीर झाल्यास कारण नोंदवावे, खटला सुरू असताना पाकीट न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये, आणि नमुना हाताळणाऱ्या प्रत्येकाची नोंद असलेली नोंदवही खटल्याच्या निकालापर्यंत ठेवून ती न्यायालयात सादर करावी. उलटतपासणीसाठी ही यादी वकिलाच्या फाइलमध्ये असलीच पाहिजे.

त्यानंतर पाहावे की नमुना एकाच व्यक्तीचा होता की मिश्र, किती जनुकीय स्थाने वाचता आली, आणि योगायोगाने जुळण्याची शक्यता आकड्यात दिली आहे का. चार जणांनी हाताळलेल्या चाकूच्या मुठीवरचा मिश्र नमुना आणि ताज्या रक्ताचा स्वच्छ नमुना यांचे वजन सारखे नसते. शिवाय डीएनए फार तर कोणाचा अंश तेथे होता ते सांगतो. तो केव्हा आणि कसा पोहोचला हे सांगत नाही.

नोंद नष्ट करून घेणे

हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सुटका झाली की माणूस पेढे वाटतो आणि फाइल माळ्यावर टाकतो. ओळख अधिनियमाच्या कलम ४ नुसार, पूर्वी दोषसिद्धी नसलेल्या व्यक्तीची खटल्याविना सुटका झाली, तिला दोषमुक्त केले गेले किंवा ती निर्दोष ठरली, तर सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर तिच्या नोंदी नष्ट केल्या पाहिजेत. न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश केला तरच त्या राहतात. म्हणजे नष्ट करणे हा नियम आहे आणि ठेवणे हा अपवाद. व्यवहारात मात्र नियमांनी ही जबाबदारी अर्जावर सोडली आहे: राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची, त्याने ती नोंद दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्याशी जोडलेली नाही याची खात्री करायची आणि मग एनसीआरबीला शिफारस करायची.

अर्जाचा बोजा नागरिकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये एस. आणि मार्पर प्रकरणात निर्दोष व्यक्तींचे डीएनए अनिश्चित काळ ठेवण्याची ब्रिटनची पद्धत खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवली, आणि २०१२ मध्ये ब्रिटनला कायदा बदलावा लागला. त्यातील एक अर्जदार अटकेच्या वेळी अकरा वर्षांचा होता. आपल्याकडे अशा यादीत कोणाची नावे अधिक भरतील याचा अंदाज बांधायला फार दूर जावे लागत नाही. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या पारधी व इतर समाजांच्या वस्त्यांवर चोरीनंतर पहिली धाड पडते, हे विदर्भात कोणाला नवीन नाही. अर्ज, पोच आणि पाठपुरावा या गोष्टी नेमक्या याच माणसांना सर्वांत अवघड जातात.

पहिली संधी निकालाच्या दिवशीच असते. प्रत्येक निकालपत्राच्या अखेरीस मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा आदेश असतो. अंतिम युक्तिवादाच्या वेळीच वकिलाने लेखी विनंती करावी की त्या आदेशात आरोपीचे जैविक नमुने, त्यांचे विश्लेषण व इतर मोजमापे अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करण्याचा उल्लेख करावा. तडजोड होऊन खटला मिटला तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. न्यायालयाने बी किंवा सी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, मंजूर केली असल्यास ती खटल्याविना सुटका आहे, असा युक्तिवाद करता येतो. अपिलाची मुदत संपल्यावर निकालाची प्रमाणित प्रत आणि अपील दाखल नसल्याबाबत मिळेल तो कागद जोडून पुढील अर्ज करावा.

‘प्रति, मा. नोडल अधिकारी, फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२, महाराष्ट्र राज्य. मार्फत: मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ……… पोलीस ठाणे, नागपूर शहर. विषय: अधिनियमाच्या कलम ४ नुसार मोजमापांच्या नोंदी नष्ट करण्याबाबत. महोदय, गुन्हा क्रमांक ……… मध्ये दिनांक ……… रोजी माझे रक्त / लाळ, बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्यात आले. खटला क्रमांक ……… मध्ये मा. न्यायालयाने दिनांक ……… रोजी माझी निर्दोष मुक्तता केली आहे. सदर निकालाविरुद्ध अपील प्रलंबित नाही. मला यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही. नोंदी ठेवण्याबाबत न्यायालयाचा कोणताही आदेश नाही. तरी माझे मूळ नमुने, त्यांतून काढलेला अंश, तयार झालेली डीएनए रूपरेखा, तसेच पोलीस ठाणे, प्रयोगशाळा व एनसीआरबी यांच्याकडील सर्व प्रती नष्ट करून तसे मला लेखी कळवावे, ही विनंती.’

‘सर्व प्रती’ हे शब्द वगळू नयेत. अधिनियमातील व्याख्येत नमुना आणि त्याचे विश्लेषण दोन्ही आहेत, त्यामुळे नळी फेकली आणि संगणकातील रूपरेखा राहिली, तर कायद्याचे पालन झाले असे म्हणता येणार नाही.

अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी, एक प्रत पोलीस आयुक्त कार्यालयात द्यावी आणि एक एनसीआरबीला नोंदणीकृत टपालाने पाठवावी. ठाण्यात पोच देण्यास टाळाटाळ झाल्यास तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने ठाण्याच्या पत्त्यावर पाठवावा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचावी. काही आठवड्यांत उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली तीन मुद्दे विचारावेत: माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे पाठवला, त्यावर काय शिफारस झाली, आणि नोंद नष्ट झाली असल्यास कोणत्या तारखेला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील माहिती पुसून टाकण्याचा हक्क येथे कामाचा नाही, कारण गुन्ह्यांचा तपास व प्रतिबंध यांसाठीच्या माहितीला त्या कायद्यातच सूट दिलेली आहे. एवढे करूनही दाद न मिळाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते; मूळ अर्ज, पोच, टपालाच्या पावत्या आणि माहिती अधिकारातील उत्तरे तारखांच्या क्रमाने लावून वकिलाकडे द्यावीत, आणि याचिकेचा खर्च झेपत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीकडे तीच फाइल न्यावी.